डोक्याच्या दुखापतीची भरपाई : वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

प्रश्न : माझे पती ३४ वर्षांचे आहेत. कारखान्यात कायम नोकरी, पगार ४० हजार. सात महिन्यांपूर्वी सोलापूर रस्त्यावर टेम्पोने त्यांच्या दुचाकीला मागून धडक दिली. आयसीयूतून घरी आले, हातपाय नीट चालतात, पण सांगितलेले लक्षात राहत नाही आणि क्षुल्लक कारणावरून संतापतात. कंपनी राजीनामा मागते आहे. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, मुदत संपली आहे, लोकअदालतीत मिळेल ते घ्या. काय करावे?
– एक भगिनी, हडपसर

उत्तर : ताई, राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका. ती झाली की उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, ‘नोकरी त्यांनी स्वतःच सोडली ना?’ कामावर घेता येत नसेल तर कंपनीने तसे कारणासह लेखी द्यावे, असा अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. लोकअदालतीचीही घाई नको. तिथल्या निवाड्यावर अपील नसते. मेंदूला मार लागल्यावर फिट्स कधी कधी वर्षभराने, त्याहूनही उशिरा सुरू होतात. तडजोड झालेली असेल तर तो खर्च तुमच्याच अंगावर पडतो.

मुदतीबद्दल : १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा करायचा असतो. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदतीच्या कारणावर दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तेव्हा दार बंद झालेले नाही, पण आता एक आठवडाही दवडू नका. व्याजही साधारणपणे दावा दाखल केल्या तारखेपासून मिळते. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवला आहे का, हे तपास अंमलदाराकडे विचारा. कलम १६६(४) नुसार तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो.

दावा पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालेल. टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना सामनेवाले (प्रतिवादी) करा. पतींना व्यवहार समजत नसतील तर वादमित्र म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती म्हणून, तुम्ही सही करू शकता. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. खासगी वकील केलात तर भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवू नका, बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे.

कागद जमवताना कॅज्युअल्टीचा पहिला केसपेपर आधी वाचा. घाबरलेला नातेवाईक ‘गाडीवरून पडले’ एवढेच सांगतो, डॉक्टर तेच लिहितात, टेम्पोचा उल्लेख राहतो. मग विमा कंपनी म्हणते, गाडी घसरली, आमचा संबंध नाही. तसे लिहिले असेल तर एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही वाहनांचे आरटीओ तपासणी अहवाल आणि प्रत्यक्षदर्शीचा जबाब यांवर जोर द्या. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही. त्याच केसपेपरवर जीसीएसचा, म्हणजे शुद्धीची पातळी मोजणारा आकडा असतो : ८ किंवा कमी म्हणजे गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. ‘सौम्य’ आकड्याचा आणि ‘नॉर्मल’ सीटी स्कॅनचा आधार घेऊन इजा नाकारली जाते. मेंदूच्या तंतूंना ठिकठिकाणी झालेली इजा सीटीत अनेकदा दिसतच नाही. एमआरआय सांगितला गेला तर त्यात एसडब्ल्यूआय सिक्वेन्स (सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारा प्रकार) घ्यावा का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

तुमच्या दाव्याचे खरे मर्म दिव्यांगत्वाच्या टक्क्यात आहे. दिव्यांग ओळखपत्राच्या यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करून ससून रुग्णालयात तपासणी होते. तपासणी फक्त हातापायांची झाली तर टक्का नगण्य येतो, कारण बिघाड तिथे नाहीच. स्मरणशक्ती, एकाग्रता आणि निर्णयक्षमता यांची चाचणी आरसीआय-नोंदणीकृत (भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या) क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्या आणि तो अहवाल ससूनच्या वैद्यकीय बोर्डापुढे ठेवा. प्रमाणपत्रावरचा टक्का हा शेवटचा शब्द नव्हे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेचे नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. मोजायचे ते दुसरे.

फरक आकड्यांत पाहा. ४० हजारांचे वर्षाला ४,८०,००० होतात. कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे ५० टक्के मिळवून ७,२०,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणक (वार्षिक कमाईला गुणायचा, वयावरून ठरलेला आकडा) १६, म्हणजे १,१५,२०,०००. यावर कमाईचे नुकसान ४० टक्के धरले तर ४६,०८,०००. ७० टक्के धरले तर ८०,६४,०००. उपचाराचा खर्च, वेदना आणि पुढची औषधे त्याशिवाय. एवढी तफावत केवळ पुराव्याने पडते. त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायलाच हवी. नुसता कागद जोडून अनेक दावे पडतात किंवा निम्मे होतात. कंपनीतला सुपरवायझर साक्षीला आणा : आधी ते कोणते मशीन एकट्याने चालवत आणि आता का चालवू शकत नाहीत, हे त्याने सांगावे.

आजपासून एक वही ठेवा. ‘मंगळवार, सकाळी ८. दूध गॅसवर ठेवून बाहेर गेले, भांडे जळाले. दुपारी तोच प्रश्न चार वेळा विचारला. रात्री गोळी घेतली की नाही आठवत नाही.’ तारीख घालून, त्या त्या दिवशी, इतकेच लिहा. मागाहून एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली वही ओळखू येते.

तुम्ही घरी राहून त्यांच्याकडे लक्ष देता, त्याचेही मोल मागा. काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) या मेंदूच्या दुखापतीच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने दोन मदतनिसांचा महिना १० हजारांचा खर्च १८ च्या गुणकाने काढून २१,६०,००० दिले. घरच्या माणसाची सेवा म्हणजे फुकटची, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : भावाच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचे बिल मेडिक्लेमने भरले. ती रक्कम भरपाईतून वजा होईल का?
– कोथरूड

उत्तर : नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हा वाद मिटवला. मेडिक्लेम हा हप्ते भरून घेतलेला स्वतंत्र करार आहे, त्याची रक्कम अपघाताच्या भरपाईतून कापता येत नाही. अडचण होते ती मूळ बिलांची, कारण ती विमा कंपनीकडे जमा होतात. देण्यापूर्वी सगळ्यांच्या प्रती काढा आणि रुग्णालयाकडून शिक्क्यासह बिलांचा तपशील घ्या.

प्रश्न : मुलाने हेल्मेट घातले नव्हते. दावा टिकेल का?
– सिंहगड रस्ता

उत्तर : टिकेल. धडक हेल्मेट नसल्यामुळे झाली नाही, ही बाजू ठामपणे मांडा. नियम मोडला म्हणजे आपोआप सहभागी निष्काळजीपणा (जखमीचाही दोष) ठरत नाही, त्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो, असे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तिघे बसलेल्या दुचाकीच्या प्रकरणात म्हटले आहे. मात्र इजा डोक्याला असल्याने हा संबंध जोडायला सामनेवाल्यांना सोपे जाते. काही टक्के कपात होऊ शकते, ती मनात धरून चला.

प्रश्न : वडिलांना नवले पुलाजवळ गाडीने उडवले, गाडी सापडली नाही. आता काहीच मिळणार नाही का?
– धायरी

उत्तर : ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज, अपघात जिथे झाला तिथल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे, दावा चौकशी अधिकारी म्हणून. एफआयआर, उपचाराची कागदपत्रे, ओळखपत्र आणि बँक पासबुक जोडा. वाहनाचा तपशील महिनाभरात मिळाला नाही तर या योजनेची लेखी माहिती पोलिसांनीच जखमीला द्यावी, असा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. तुम्हाला ती मिळाली नसेल तर अर्जात तसे नमूद करा.

पन्नास हजार ही मेंदूच्या दुखापतीपुढे फारच तुटपुंजी रक्कम आहे, म्हणून गाडीचा शोध सोडू नका. आसपासची हॉटेले, पेट्रोल पंप आणि सोसायट्या यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते. कुठल्या कॅमेऱ्याचे, किती ते किती वाजेपर्यंतचे चित्रण हवे, हे लिहून पोलिसांना आजच अर्ज द्या आणि त्याच्या प्रती त्या कॅमेऱ्यांच्या मालकांनाही द्या. पुढे गाडी सापडली तर कलम १६६ चा पूर्ण दावा करता येतो, योजनेत मिळालेली रक्कम मात्र त्यात जुळवून घेतली जाते.