नदीकाठी जाऊन झाडं मोजणाऱ्या मुलीला

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या निसर्ग मंडळाने नदीकाठी २४० रोपं लावली होती. गेल्या महिन्यात मी जाऊन मोजली, तर ३१ जिवंत होती. खूप वाईट वाटलं. तरीही मला हेच काम करायचं आहे, नदीकाठी देशी झाडं लावायची आणि लोकांना त्याबद्दल शिकवायचं. बीएस्सी बॉटनी करू की बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी? बाबा म्हणतात, झाडं लावणं हा छंद आहे, नोकरी नाही.

उत्तर: तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य सांगू? ‘मी जाऊन मोजली.’ रोपं लावायला पुष्कळ जण येतात, फोटो निघतात आणि दोन पावसाळ्यांनी तिथे कुणी फिरकत नाही. तू गेलीस. तुला हे काम जमेल का, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

पण ती २०९ रोपं का गेली, हे आधी पाहू, कारण पुढे काय शिकायचं ते त्यातूनच कळेल. तू झाडांची नावं लिहिलेली नाहीस. बहुधा रोपवाटिकेत जे होतं ते आणलं असेल आणि सरसकट एका ओळीत लावलं असेल. नदीचा काठ असा सरसकट नसतो. अगदी पाण्यालगत, जिथे दर पुरात सगळं बुडतं, तिथे लव्हाळा, वाळा आणि खडकाळ पात्रात शेरणीसारखी लवचिक झुडपं टिकतात. वाळुंजही तिथलाच, त्याची ओली फांदी चिखलात खोचली तरी मुळं धरते. जरा वर अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. त्याहून वर, जिथे पाणी क्वचित चढतं, तिथे कोरड्या जमिनीतली झाडं. वरचं झाड खाली लावलं की पहिल्याच पुरात जातं, आणि खालचं वर लावलं की उन्हाळ्यात वाळतं. देशी झाड म्हटलं म्हणजे ते कुठेही चालतं, असं नाही.

नीट जगलेलं झाड मात्र एकटं राहत नाही. उंबराच्या फळांवर वटवाघळं आणि पक्षी येतात, त्यांच्या विष्ठेतून आणखी झाडांचं बी पडतं. मुळं काठाची माती धरतात, सावलीने पाणी थंड राहतं, गळलेल्या पानांवर पाण्यातले किडे जगतात आणि त्या किड्यांवर मासे. नदी सुधारते ती अशी, सावकाश.

रोपवाटिकेचं काम अवश्य शीक. त्याकडे लोक हलकं काम म्हणून पाहतात, ते मला मुळीच पटत नाही. जांभळाचं बी वाळवून ठेवता येत नाही, दोन-तीन आठवड्यांत ते मरतं, ताजंच पेरावं लागतं. एकदा मी एका चांगल्या उंच, हिरव्यागार रोपाची पिशवी फाडून पाहिली. मुळं तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी गोल फिरली होती, कारण ते पिशवीत फार दिवस राहिलं होतं. असं रोप लावताना कुणाला काही कळत नाही, दोन वर्षांनी कळतं.

आणि लोक. त्या काठावर शेळ्या कुणाच्या चरतात, धुणं कुठे धुतात, मोठा पूर कोणत्या दगडापर्यंत येतो, हे तिथल्या बायकांना आणि मासेमारी करणाऱ्यांना पाठ असतं. लावण्याआधी तुम्ही त्यांना विचारलं होतं का? पर्यावरण शिक्षण म्हणजे आपण सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, एवढंच नव्हे. केनियाच्या वांगारी मथाई मूळच्या जीवशास्त्रज्ञ. ओढे आटताहेत, सरपण मिळत नाही, हे त्यांना गावातल्या बायकांनी सांगितलं आणि १९७७ साली त्यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. तिथे बायकांना छोटासा मोबदला मिळे, तोही जगलेल्या रोपामागे, लावलेल्या नव्हे. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. राजस्थानातल्या अरवरी नदीच्या खोऱ्यात तर आधी जोहड, म्हणजे मातीचे छोटे बांध, बांधून पावसाचं पाणी अडवलं गेलं, आणि नदी वाहती राहावी म्हणून गावांनी मिळून स्वतःची ‘संसद’ भरवली.

आता पदवीचं. बॉटनी घे. कारण साधं आहे: बीएस्सीनंतर एमएसडब्ल्यूकडे वळता येतं, पण बीएसडब्ल्यूनंतर बॉटनीत एमएस्सीला जाणं फार अवघड असतं. शिवाय भारतीय वन सेवेच्या परीक्षेला ठरावीक विषयांतलीच पदवी चालते. त्यात बॉटनी आहे, समाजकार्य नाही. वनशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला तर तीही उत्तम. लोकांत काम करायचं कसब या तीन वर्षांत सुट्ट्यांमध्ये एखाद्या संस्थेबरोबर राहून मिळवता येईल.

बाबांची काळजी मी खोटी ठरवणार नाही. संस्थांमधल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात आणि सुरुवातीचा पगार कमी असतो. पण कामं आहेत: वन विभाग, पर्यावरण आघात मूल्यांकन (म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी) करणाऱ्या सल्लागार कंपन्या, शाळांसाठी कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था, देशी झाडांच्या रोपवाटिका, संशोधन. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि पर्यावरण त्या यादीत आहे. त्या पैशातून नुसती लागवड न होता झाडं जगावीत, यासाठी झाड ओळखणारा आणि गावात बसून बोलू शकणारा माणूस लागतो. दोन्ही येणारे थोडे आहेत. बाबांना एकदा तुझ्याबरोबर काठावर घेऊन जा. तिथे उभं राहून बोलणं जास्त सोपं जाईल.

परीक्षा होईपर्यंत दुसरं काही करू नकोस. नंतर एका वहीत त्या ३१ झाडांची नोंद कर: जात, उंची, पाण्यापासून किती पावलांवर, शेजारी काय उगवलंय. कोणत्या जातीची जास्त जगली, तेही पाहा. मग पावसाळ्यात एक चक्कर पुराच्या दुसऱ्या दिवशी मार, पाणी ओसरल्यावर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. ती वही मला पाठव.