जुन्या वाड्यात शांत रेस्टॉरंट करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

पुण्यातला दुरुस्त केलेला वाडा रेस्टॉरंटसाठी घेतलाय, लोक निवांत बसतील अशी मांडणी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. मी वास्तुविशारद आहे, वाड्यांची कामं केली आहेत. माझं म्हणणं एकच, रंग आणि फर्निचर नंतर बघा, आधी आवाज बघा.

उघड्या चौकातला आवाज वर आभाळात निघून जातो. तोच चौक झाकला की सगळा खाली परत येतो. आमच्या एका कामात मालकांच्या आग्रहाखातर चौकावर काच घातली. पावसाची सोय झाली, पण शनिवारी रात्री समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना आणि वरच्या मजल्यावर उकाडा कोंडला. शेवटी काच उतरवली, पन्हाळी नीट केल्या आणि पावसाळ्यात चौकातली टेबलं उचलायची असं ठरलं. टेबलं कमी झाली, पण जागेला जीव आला. चौक मोकळाच ठेवा, पानं सोप्यात आणि ओसरीवर मांडा.

शहाबादी फरशीवर लोखंडी खुर्ची सरकली की अंगावर काटा येतो. लाकडी खुर्च्या घ्या, पायांना फेल्ट म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड लावा. टेबलाच्या खालच्या बाजूलाही जाड फेल्ट चिकटवा. कुणाला दिसत नाही आणि गोंगाट कमी होतो. कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, मात्र फॉल्स सीलिंगखाली झाकू नका, ते बघायलाच लोक मान वर करतात.

भिंतींना प्लास्टिक पेंट नको. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर पेंटचा थर बसला की ओल आत अडकते, क्षार फुटतात, गिलाव्याचे पोपडे निघतात. चुन्याची सफेदीच द्या, हवी तर त्यात थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती. वायरिंगसाठी भिंती खोदू नका, तुळयांच्या कडेने न्या.

स्वयंपाकघर शक्यतो परसात नवं बांधा. तेलकट धूर सागवानावर बसला की निघता निघत नाही. वरच्या मजल्यावर जुन्या पद्धतीने मातीचा भराव असेल, तर माणसं बसवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वजनाचा हिशोब करून घ्या. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हेही आत्ताच तपासा. असेल तर बदलांना परवानगी लागते.

आणि दिवे. झुंबर नको. प्रत्येक टेबलावर एक पिवळसर दिवा, भिंतीतल्या कोनाड्यांत एकेक छोटा, आणि चौकात तुळशीपाशी एक, बस्स.