युरोपचा इतिहास शिकून पोरगी करणार काय? माझ्याकडे आलेली एक केस

दर मे-जूनमध्ये हा प्रश्न माझ्याकडे येतोच, शब्द थोडे इकडेतिकडे. पोरीला बाहेर शिकायला जायचंय पण इंजिनिअरिंग नाही, एमबीए नाही, डेटा सायन्स तर नाहीच, तिला म्हणे युरोपियन स्टडीज करायचंय, युरोपची संस्कृती, इतिहास, राजकारण. गेल्या आठवड्यात परत एका आईचा मेसेज, "मॅडम याला स्कोप आहे का हो?" फोनवर काही धड सांगता आलं नाही, म्हणून एक जुनी केस लिहितेय. घरच्यांना विचारलंय आणि ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. नाव नको, पोरगीच म्हणते.

२०२२ साल. पोरगी पुण्यात टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, पॉलिटिक्स घेऊन. वडील (मी त्यांना भाऊ म्हणते) निफाडकडचे द्राक्षवाले, साडेचार एकर थॉम्पसन जातीची बाग, माल युरोपला जातो. दोघं नाशिकला माझ्याकडे आले ते आधीच भांडून आलेले, हे खुर्च्यांमधल्या अंतरावरूनच कळलं.

मी काय केलं, तर जे करू नये तेच. सरळ स्कोपचं लेक्चर सुरू केलं. थिंक टँक आहेत, एनजीओ आहेत, जेएनयूत सेंटर फॉर युरोपियन स्टडीज आहे, प्राध्यापकी आहे, यूपीएससीच्या जीएसमध्ये जागतिक इतिहास येतो (हे वाक्य मी बापलोकांसाठी राखून ठेवलेलं असतं, लाज वाटते पण चालतं). वीस मिनिटं बोलले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सगळं सांगितलं, पण महिन्याला किती लागतील ते नाही सांगितलं. आणि जमीन गहाण ठेवावी लागेल का तेही नाही."

तेव्हा लक्षात आलं की यांचा युरोपच्या इतिहासाशी काही वाद नाहीच. ती इतिहास शिको नाहीतर भूगोल, यांना भीती सातबाऱ्यावर बोजा चढण्याची होती. आणि ती वीस मिनिटं मी उगाच घालवली.

मग पैशाचं नीट मांडलं. शिक्षणाच्या कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेतच नाहीत, त्यांना घर, प्लॉट, एफडी असलं काही लागतं, म्हणजे जमिनीची ती भीती तशी तिथेच अर्धी संपली (आणि दुसरी सुरू झाली, कारण गावातल्या घरावर किती मिळणार). जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, पण फी नाही म्हणजे फुकट नाही, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो, आता तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा-बारा लाख. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्यांना फीच तगडी. तिसरा रस्ता इरास्मस मुंडुस, म्हणजे युरोपियन युनियनची स्कॉलरशिप, ती मिळाली तर फी माफ आणि वर महिन्याला १,४०० युरो, पण जगभरातून अर्ज येतात त्यामुळे तिच्यावर घर बांधून ठेवू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. भाऊंनी खिशातली डायरी काढून आकडे लिहून घेतले. पोरगी खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या वेळी तिला एकटीला बोलावलं. विचारलं, हाच विषय का? ती प्राग, व्हिएन्ना, जुने चौक, कॅफे, ट्राम यावर बोलत राहिली. छान बोलत होती, पण ते फिरायला जायचं कारण झालं, दोन वर्षं शिकायचं नाही. मी तसं म्हटल्यावर डोळ्यात पाणी. मग तिने दुसरं कारण काढलं, "ब्रसेल्सला युरोपियन कमिशनमध्ये नोकरी करीन." (कमिशन म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणारी संस्था.) इथे मला वाईट बातमी द्यावी लागली. तिथल्या कायम नोकऱ्यांना साधारणपणे युरोपियन युनियनच्या एखाद्या देशाचं नागरिकत्वच लागतं. डिग्री कितीही चांगली असो, भारतीय पासपोर्टवर तिथल्या भरती परीक्षेचं दार बंद. कमिशनची पाच महिन्यांची ब्लू बुक ट्रेनीशिप असते, तिला थोड्या जागा बाहेरच्या देशांसाठी असतात, तेवढी वाट आहे. (गोव्यातल्या ज्या मुलांकडे घराण्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांचं गणित वेगळं, पण त्यांना भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं, ती वेगळीच केस.) तिला आधी एका कन्सल्टन्सीवाल्याने छातीठोक सांगितलं होतं की या कोर्सनंतर ईयूमध्ये प्लेसमेंट होते. मला या लोकांचा राग येतो तो यासाठीच.

ती उठून जाईल असं वाटलं. मी म्हटलं, एक कर, तीन आठवडे दे. युरोपियन युनियन मुळात कोळसा आणि पोलादापासून का सुरू झाली एवढंच वाच, आणि ते पप्पांना मराठीत समजावून सांग. त्यांना कळलं तर परत ये. कळलं नाही किंवा तुलाच कंटाळा आला तर पॉलिटिक्सच पुढे कर, त्यात काही वाईट नाही.

पुढचं मला दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांची वाक्यं तोडत. तिने ओट्यावर बसून पप्पांना सांगितलं की फ्रान्स आणि जर्मनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीनदा लढले, १८७०, १९१४, १९३९. मग ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमन यांनी मांडलं की दोघांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक कारभाराखाली आणू, कारण तोफा त्याच्याशिवाय होत नाहीत, मग चोरून लढाईची तयारी करताच येणार नाही. १९५१ मध्ये करार झाला, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग धरून सहा देश. भाऊ म्हणाले, "म्हणजे बांधावरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून विहीरच सामाईक केली." मी इतकी वर्षं हे काम करतेय, इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आणि ते तिथे थांबले नाहीत. म्हणाले, सामाईक विहिरीवर भांडणं जास्त होतात, पाळी कुणाची, मोटारीचं बिल कोण भरणार, एकाने नाही भरलं तर दुसऱ्याची पिकं जळतात. पोरगी म्हणे ओरडलीच, पप्पा हे तर ग्रीसचं झालं! २०१० ला ग्रीसचं कर्ज फुटलं, नाणं सगळ्यांचं एक आणि खर्च ज्याचा त्याचा, मग जर्मनीने किती सोसायचं यावर वर्षानुवर्षं वाद. आणि ब्रिटनने तर २०१६ ला मतदान घेऊन विहिरीतला वाटाच सोडला, ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी.

पण २०१० म्हटल्यावर भाऊ गप्प झाले. निर्यातीवाल्या द्राक्ष बागायतदाराला ते साल विसरता येत नाही. त्या हंगामात युरोपातल्या लॅबमध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा रेसिड्यू, म्हणजे फवारणीचा उरलेला अंश, सापडला. हे औषध म्हणजे आपलं लिहोसिन, वेलीची वाढ रोखायला मारायचे ते. आपल्याकडे तपासणीच्या यादीत तो घटकच नव्हता, इथले रिपोर्ट क्लिअर आणि तिथे माल अडला. भाऊंचा कंटेनर रॉटरडॅमला पडून राहिला, पैसे आले नाहीत, घराचं प्लास्टर चार वर्षं राहिलं. पोरगी तेव्हा आठ वर्षांची. तिला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. तिने भावाचा लॅपटॉप घेऊन शोधलं की ही रेसिड्यूची मर्यादा ठरवतं कोण. तर २००५ चा एक युरोपियन नियम, ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. इथल्या कुणाला माहीत नव्हतं की असे आकडे कुठल्या इमारतीत, कुणी, कुणाच्या दबावाखाली लिहिले, गिऱ्हाइकाच्या तब्येतीसाठी किती आणि तिथल्या शेतकऱ्याला सांभाळायला किती.

तिसऱ्या भेटीत ती हे घेऊन आली. प्राग-व्हिएन्नाचं नाव नाही. म्हणाली, मॅडम मला हे शिकायचंय, हे नियम होतात कसे. मी म्हटलं, आता अर्ज लिही.

जे पालक हे वाचतायत त्यांना कोर्स कसा असतो ते सांगते. उदाहरणार्थ युरोकल्चर नावाचा एमए आहे, ग्रोनिंगेन, ग्योटिंगेन, उप्साला, उदिने, स्ट्रासबूर, क्राकोव्ह, ओलोमोउत्स, बिल्बाओ अशा आठ ठिकाणच्या विद्यापीठांनी मिळून चालवलेला. पहिलं सेमिस्टर एका देशात, दुसरं दुसऱ्या, तिसऱ्यात इंटर्नशिप किंवा रिसर्च, आणि रिसर्चसाठीच्या युरोपबाहेरच्या पार्टनरांत आपलं पुणे विद्यापीठही राहिलंय. मास्त्रिख्तला, आम्सटरडॅमला पदवीपासून हा विषय आहे. शिकवणं इंग्रजीत मिळतं, पण एक युरोपियन भाषा बी-टू पर्यंत, म्हणजे कामापुरती नीट बोलता-लिहिता येण्याच्या पातळीपर्यंत, नसेल तर इंटर्नशिप मिळवताना घाम फुटतो. म्हणून तिला मी वर्षभर थांबवलं आणि जर्मन करायला लावलं, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, सोय भरपूर. त्यावर भाऊ नाराज, "अजून एक वर्ष?" पण ऐकलं.

सगळं गोड झालं नाही. पहिल्या वर्षी ती स्कॉलरशिपच्या रिझर्व्ह लिस्टवर राहिली आणि नंबर लागला नाही. दोन महिने माझा फोनच उचलला नाही. दुसऱ्या वर्षी एका कोर्सला (युरोकल्चर नाही, दुसरा) स्कॉलरशिपसकट निवड झाली. समजा झाली नसती तर? आमचं तिघांचं आधीच ठरलेलं होतं की जर्मन बी-टू हातात असताना ती इथेच एखाद्या एक्स्पोर्ट कंपनीत नियमांचं काम बघेल, रेसिड्यू, सर्टिफिकेशन, आता पोलाद आणि ॲल्युमिनियमवाल्यांच्या मागे युरोपचा कार्बन टॅक्स लागलाय ते. तो प्लॅन मला तरी दुय्यम वाटत नव्हता.

तिला पुढे नोकरी कुठे लागेल ते आज मी सांगू शकत नाही. शिकून झाल्यावर काम शोधायला जर्मनीत १८ महिने मिळतात, नेदरलँड्समध्ये एक वर्ष. त्या मुदतीत नाही जमलं तर परत यायचं, हे तिच्या घरी जेवताना बोललं गेलंय, माझ्यासमोर.

ती जायच्या आधी ऑगस्टमध्ये भाऊंचा फोन आला. मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज, त्यामुळे ओरडून बोलत होते.

"मॅडम, ते सेमिस्टर म्हणजे नेमकं कधी ते कधी हो? ऑक्टोबरात छाटणीला येईल का ती?"

म्हटलं नाही भाऊ, तेव्हा कॉलेज ऐन भरात असतं.

"मग जुलैत यायला सांगतो," म्हणाले, "तेव्हा मलाही जरा मोकळं असतं."