कोल्हापूरहून मुंबईला फॅमिली ट्रिप: हॉटेल कुठल्या स्टेशनजवळ घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आई-बाबा, तुम्ही दोघं, दोन लहान मुलं, महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार, चार दिवस, आणि बघायचं म्हणजे गेटवे, एलिफंटा, राणीची बाग, सिद्धिविनायक, बोरिवलीचं नॅशनल पार्क. कुणी अंधेरी सांगतंय कारण हॉटेलं भरपूर, कुणी वाशी सांगतंय कारण स्वस्त. माझं मत विचाराल तर दोन्ही नको, सीएसएमटीजवळ फोर्टमध्ये बघा, तिथे बजेटमध्ये नाहीच बसलं तर दादर.

का ते सांगतो. मुंबईत अंतर किती यापेक्षा गर्दी कुठल्या दिशेला चाललीय हे आधी बघायचं असतं. सकाळी आठ ते साधारण अकरा सगळी पब्लिक चर्चगेट आणि सीएसएमटीकडे, संध्याकाळी पाचनंतर सगळी उलटी, घराकडे. तुम्ही अंधेरीत राहिलात तर सकाळी नऊला मुलांना घेऊन गेटवेला निघणार म्हणजे भर ऑफिसच्या गर्दीत, आणि संध्याकाळी दमून परत येणार ते पण भर गर्दीतच. फोर्टात राहिलात तर हेच सगळं उलटं होतं, गेटवे-म्युझियम चालत किंवा टॅक्सीत, आणि बोरिवलीला जायचं तेव्हा चर्चगेटवरून सकाळी गाडी अर्धी रिकामी मिळते, आई-बाबांना खिडकी सुद्धा मिळेल. येताना पण तुम्ही चर्चगेटच्या दिशेने येणार, जेव्हा बाकीचे सगळे विरारच्या दिशेने लटकत असतात.

दुसरं म्हणजे फॅमिली घेऊन फिरताना गाडी जिथून सुटते तिथे चढायचं आणि जिथे संपते तिथे उतरायचं. मधल्या स्टेशनवर लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते, त्यात आजी, आजोबा, दोन पोरं आणि बॅगा हे गणित बसत नाही. म्हणून बोरिवलीला जाताना विरार फास्ट पकडू नका, बोरिवली लोकलच बघा, शेवटचं स्टेशन तेच, आरामात उतरा. महालक्ष्मीचं पण तसंच. बरेच जण दादरला उतरा म्हणतील, पण सामान आणि म्हातारी माणसं असतील तर सीएसएमटीपर्यंत बसून राहा. तिथे प्लॅटफॉर्मच्या टोकाला सरळ बाहेर पडता येतं, एक पण जिना नाही. दादरला ब्रिज चढावा लागतो, सरकते जिने आहेत, लिफ्ट पण आहेत, पण सकाळच्या वेळी त्या ब्रिजवर तुम्हाला बॅग ओढायला जागा कोण देणार.

वाशीबद्दल एवढंच की हार्बर लाइनला फास्ट गाडी नाही, प्रत्येक स्टेशन घेत जाते, आणि हार्बर दादरला जातच नाही. कुर्ल्याला बदलायला लागतं. रूममध्ये जे वाचतं ते दमणुकीत जातं.

आता मेट्रो. ३ नंबरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू झालीय आणि तिच्यामुळे तुमच्यासारख्यांचं काम खरंच सोपं झालंय. सीएसएमटी, हुतात्मा चौक, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर, एअरपोर्टची दोन्ही टर्मिनल, सगळं एका लाइनीवर. सिद्धिविनायकाला पूर्वी दादरला उतरून टॅक्सी शोधा किंवा प्रभादेवीवरून चालत जा असं असायचं, आता मंदिराच्या जवळच स्टेशन आहे. फक्त मंगळवार टाळा. मुलांना वरळीचं नेहरू सायन्स सेंटर पण याच लाइनीत करून टाका, लिस्टमध्ये नाहीये तुमच्या पण पोरं खूश होतील. एक सावध करतो, अंबाबाईच्या गावचे तुम्ही, इथल्या महालक्ष्मीला जाणारच, तर महालक्ष्मी स्टेशन आणि महालक्ष्मीचं देऊळ बऱ्यापैकी लांब आहे, स्टेशनवरून टॅक्सीच करा.

टॅक्सीवरून आठवलं, सहा जण म्हणजे काळीपिवळीच्या दोन टॅक्सी धराव्या लागतात, आणि रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात येत नाहीत. म्हणून हॉटेलपासून स्टेशन चालत असणं हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं, नाहीतर रोज दोन टॅक्सींचं भाडं बसेल.

हॉटेल बुक करताना ॲपवरचं "स्टेशनपासून ३०० मीटर" वाचून भुलू नका. ते सरळ रेषेत मोजलेलं असतं, हॉटेल ईस्टला आणि तुमचं काम वेस्टला असलं की मध्ये सगळे रूळ. दादरला घ्याल तर वेस्टला घ्या, मेट्रो स्टेशन त्याच बाजूला गोखले रोडवर आहे, शिवाजी पार्क आहे, खायची पण चंगळ, आस्वाद, प्रकाश वगैरे, मराठी जेवण मिळतंय म्हटल्यावर आई-बाबा सुखात. खाण्याच्या बाबतीत फोर्ट तसा मागे पडतो हे मान्य, रविवारी अर्धा फोर्ट बंद असतो. सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आणि आरामचा वडापाव आहे, पण चार दिवस तेच नाही खाता येणार.

फोर्टातली लॉज जुन्या बिल्डिंगमध्ये असतात त्यामुळे फोन करून आधी विचारा लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. खिडकी आहे का हे पण, कारण फोटोत जो पडदा दिसतो त्याच्यामागे कधी कधी नुसती भिंत असते. सहा जणांना एक "फॅमिली रूम" म्हणून जमिनीवर गाद्या टाकून देतात, त्यापेक्षा एकाच मजल्यावर दोन डबल रूम बऱ्या. आणि चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बारानंतर, तुमची गाडी सकाळीच पोचते. लवकर रूम देणार का, नाहीतर निदान सामान ठेवून फ्रेश व्हायची सोय आहे का हे फोनवरच नक्की करून घ्या. नाही म्हणाले तर सीएसएमटीला क्लोकरूम आहे, बॅगांना कुलूप लागतं तेवढं लक्षात ठेवा.

वारांचं बघा, एलिफंटा आणि नॅशनल पार्क दोन्ही सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. रविवारी दिवसा लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही गाड्या रद्द किंवा वळवलेल्या असतात, कुठल्या लाइनला ते आदल्या दिवशी पेपरात येतं, तर रविवार गेटवे आणि एलिफंटाला ठेवा, लोकलची गरजच नाही. साध्या लोकलचं तिकीट ५ रुपयांपासून, एसीचं ३५ पासून. बोरिवलीला एसी घ्या असं मी म्हणेन, दारं बंद होतात त्यामुळे पोरांची काळजी नाही. पण एसीचं टायमिंग आधी बघून निघा, आणि साध्या तिकिटावर चुकून एसीत चढू नका, दंड भरावा लागेल.

राणीची बाग शेवटच्या दिवसाला ठेवता आली तर बघा. बारा वाजता चेकआउट, बॅगा हॉटेलातच ठेवायच्या, सीएसएमटीवरून स्लो लोकलने भायखळा, ईस्टला उतरून चालत बाग, पाचच्या आत परत निघायचं. मग बॅगा उचलून चालत सीएसएमटी, आणि रात्रीची महालक्ष्मी तिथूनच सुटते. तारखा कळवा, म्हणजे सणवार किंवा लाँग वीकेंड आडवा येतोय का बघून सांगतो, रेट तेव्हा पार बदलतात.