भूल देताच बीपी का उतरतं?

प्रश्न : आईचं (वय ६८) पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देताच बीपी १४० वरून ९० वर आलं म्हणे. हृदयाला इजा झाली असेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, नुसत्या या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. परळला ऑपरेशन थिएटरमध्ये मी हे रोज पाहते. प्रोपोफॉल, म्हणजे ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन, शिरेतून गेलं की मिनिटाभरात मॉनिटरवरचा आकडा उतरू लागतो. एक तर रक्तवाहिन्या आवळून धरणारे मेंदूचे संदेश मंदावतात. शिवाय काही भूलऔषधं थेट धमनीच्या भिंतीवर काम करतात, आणि हा भाग मला फार सुंदर वाटतो. तिथल्या स्नायूपेशींची पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण (निगेटिव्ह) होतो. मग कॅल्शियमची दारं मिटतात. पुरेसं कॅल्शियम नसलं की स्नायू सैलावतो, धमनी रुंदावते.

वयस्कर, उपाशी पेशंटमध्ये हा उतार जास्त. म्हणून आम्ही औषध हळूहळू देतो, वाहिनी आवळणारं इंजेक्शन आधीच भरून ठेवतो.

हॉस्पिटलकडून भुलीचा चार्ट मागून घ्या. बीपी किती वेळ खाली होतं ते त्यात दिसेल. पुढच्या ऑपरेशनआधी तो भूलतज्ज्ञांना दाखवा, आणि बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, तेही विचारा.