खाली निल निल निल कुठून येतात?

प्रश्न: ताई, मी डिचोलीचा, कॉलेजात कॉमन लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय. बाबांच्या बागेतल्या काजूबियांची चार दिवसांची वजनं यादीत घातली आणि मॅपकार लावून फॉरमॅटने एकेक ओळ छापली. ओळी बरोबर येतात, पण खाली कंसात निल निल निल निल असं पण येतं. सर म्हणतात लूप वापरू नको, रिकर्शन कर, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच परत बोलवायचं. मित्र म्हणतो सगळीकडे लूपच मार. कोणाचं ऐकू?

उत्तर: अरे, ते निल तूच मागवलेस! मॅपकारचं काम म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवायचं आणि जे जे परत येईल ते नव्या यादीत गोळा करायचं, आता फॉरमॅट ओळ छापतो खरा पण स्वतः परत देतो निल म्हणजे ‘काहीच नाही’, म्हणून 4 वजनांचे 4 निल. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नुसता भाव विचारत फिरायचं तर प्रत्येक दुकानातून रिकामी पिशवी मागून आणतो का कोण?

नुसतं छापायचंय ना, मग डूलिस्ट घे, तो यादीतल्या एकेकावर फिरतो पण काही गोळा करत नाही, लॅम्ब्डा (बिननावाचं फंक्शन) पण लागत नाही. शेवटी एक निल तरीही दिसेल, तो डूलिस्टचा स्वतःचा, घाबरू नको. मॅपकार ठेव किलोचे ग्रॅम करून नवी यादी हवी असेल तेव्हा.

एकूण वजन हवं असेल तर अख्ख्या यादीचं एकच उत्तर करणाऱ्या रिड्यूसला अधिक (+) दे, झालं. पण एकूण आणि सगळ्यात मोठं वजन दोन्ही एकाच फेरीत हवं तर मी सरळ लूप लिहिते, फॉर किलो इन वजनं, मग सम आणि मॅक्सिमाइझ, दोघांना इनटू लावून वेगवेगळी नावं द्यायची (नाहीतर दोन्ही एकत्र चालत नाहीत), शेवटी फायनलीमध्ये दोन्ही परत द्यायची, वाचणाऱ्याला पण कळतं. कंस कमी म्हणून जुने लिस्पवाले नाक मुरडतात, मुरडू दे, 1994 च्या अॅन्सी स्टँडर्डमध्येच, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांतच, आहे तो. (डू नावाचा पण एक लूप आहे, तो मला अजून दोनदा वाचावा लागतो.)

सरांचं रिकर्शन शिकायला छानच, झाडासारखा डेटा असला तर तेच बरं पडतं. पण टेल कॉलला, म्हणजे फंक्शनने अगदी शेवटचं काम म्हणून केलेल्या कॉलला, स्टॅक (अर्धवट राहिलेले कॉल लक्षात ठेवायची जागा) वाढणार नाही ही हमी स्कीम नावाची दुसरी लिस्प देते, कॉमन लिस्पचं स्टँडर्ड देत नाही, त्यामुळे यादी लांबलचक झाली की स्टॅक भरू शकतो.

आणि हो, उद्या वजनं यादीऐवजी व्हेक्टरमध्ये (क्रमांकाने ठेवलेल्या रांगेत) ठेवलीस तर डूलिस्ट चालणार नाही, तिथे लूपमध्ये इनच्या जागी अक्रॉस लिही.