अल्पसंख्य कामगार वाढले की त्यांची मजुरी का घसरते?

सगळे मालक भेदभाव करत नाहीत, मग मजुरीत फरक का, असं विचारलंत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1957 साली केलेली मांडणी मला पटते. अल्पसंख्य कामगार थोडे असतील तर पूर्वग्रह नसलेल्या मालकांकडेच सामावले जातात. संख्या वाढली की काहींना पूर्वग्रहवाल्या मालकाच्या दारात उभं राहावं लागतं, तो कमी मजुरी देतो, आणि अशा सगळ्याच कामगारांच्या मजुरीचा भाव तिथे ठरतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तर दलितांना विणकामाचं दारच बंद होतं. सुताची नळी बदलताना धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. दलिताचं तोंड लागलेल्या धोट्याचा सवर्ण विणकर विटाळ मानत. म्हणून चांगल्या पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, दलितांना जागा नाही, सगळी गर्दी कमी पगाराच्या रिंगखात्यात, म्हणजे सूतकताई विभागात! 1928च्या संपावेळी डॉ. आंबेडकरांनी हाच अन्याय मांडला होता.